सहा शिष्यवृत्तीची आणि सतरा वजाबाकीची

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. तिसरी, चौथी, पाचवी एकत्र एका बाईंकडे, पट ३६. त्यातल्या १७ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. सहा मुलं शिष्यवृत्तीला चमकतील अशी. केंद्राच्या बैठकीत चौकशी होते ती या सहांची. पालक म्हणतात सेमी (गणित इंग्रजीतून) सुरू करा, नाहीतर दाखला द्या. आणि बाई विचारतात, ‘गणितात सगळ्यांना न्याय द्यायचा तर माझा वेळ मी नेमका कुणाला द्यायचा?’

मॅडम, पद्धत कोणती वापरू हे न विचारता वेळ कुणाला देऊ असं विचारलंत, म्हणून हे लांबलचक लिहायला बसलो. अठ्ठावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो. आधी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत, मग आंतरजिल्हा बदलीनं अक्कलकोट तालुक्यात. एवढ्या काळात पद्धती पुष्कळ आल्या नि गेल्या. पेट्या आल्या, तक्ते आले, फरशीवर आकडे रंगवून झाले. त्यातल्या बऱ्याच चांगल्या होत्या. पण कुठलीही पद्धत आली तरी तिचा पहिला घास त्याच पाच-सहा मुलांच्या तोंडी जायचा, हे मला फार उशिरा दिसलं.

दिसलं ते असं. नोकरीच्या नवव्या वर्षी शेजारच्या वर्गाच्या बाईंना मी म्हटलं, माझा गणिताचा तास बघा आणि काय चुकतं ते सांगा. त्या मागे बसल्या, हजेरीची यादी मांडीवर घेऊन. मी ज्या मुलाला नाव घेऊन काही विचारलं त्याच्या नावापुढे एक रेघ. बाकी काही लिहिलं नाही. चाळीस मिनिटांत मी ३४ प्रश्न विचारले होते. त्यातले २१ पाच मुलांना. त्या पाचांत चार मुलगे. अकरा मुलांच्या नावापुढे एकही रेघ नव्हती, आणि त्या अकरांपैकी सहाजण ओढ्यापलीकडच्या एकाच वस्तीवरचे. मी जात बघून प्रश्न विचारत नव्हतो, हे मी शपथेवर सांगेन. उत्तर जिथून येईल तिथं विचारत होतो, कारण तास पुढे सरकायला हवा होता. पण ती वस्ती कुणाची हे गावाला ठाऊक होतं, मुलांना ठाऊक होतं, आणि त्या कागदावर तेच उमटलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. लागली. आधी दोन दिवस मी बाईंवरच चिडून होतो. कागद मात्र फेकला नाही.

म्हणून पहिलं काम हे. तुमच्या जोडीदार शिक्षकांना एक तास मागे बसवा. ते मोकळे नसतील तर पाचवीतल्या एखाद्या मुलीकडे यादी द्या. मुलं हे काम फार इमानदारीनं करतात, गुरुजींची चूक पकडायला मिळतेय म्हणून जास्तच. महिन्यातून एकदा पुरे. अंदाज बांधू नका, रेघा मोजा. मुलींचं गणित कच्चं असतं असं आयासुद्धा सहज बोलून जातात. पण फळ्याजवळ कोण येतं, खडू कुणाच्या हातात जातो आणि ‘बस, तुला नाही जमायचं’ हे न बोलता कुणाला कळतं, ते त्या यादीत सापडेल.

दुसरं काम, प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटं एकट्यानं. ३६ मुलं म्हणजे तीन तास; आठवडाभर परिपाठाआधी अर्धा-अर्धा तास काढला तर होतं. लेखी चाचणी नको. लेखी चाचणी तुम्हाला चूक सांगते, चुकीमागचा विचार सांगत नाही. मी तीनच गोष्टी विचारायचो. ४०३ वजा १५७ कर. एकोणऐंशी अंकात लिही. दीड भाकरी तिघांत सारखी वाटायची तर एकाला किती?

पहिल्या प्रश्नाला बरीच मुलं ३५४ लिहितात. चारातून एक गेला तीन. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाचातून शून्य, पाच. तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन, चार. म्हणजे मूल बेफिकीर नाही. त्यानं स्वतःचा एक नियम केलाय, मोठ्यातून लहान काढायचं, आणि तो तीनही घरांत चोख पाळलाय. त्याला ४०३ ही एक संख्या दिसतच नाही, तीन सुटे अंक दिसतात. अशा मुलाला तुम्ही ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ असं शंभरदा सांगितलंत तरी तो शेजारी शून्य आहे, त्याच्याकडे द्यायला काही नाही, हे त्याला कळतं आणि तो थांबतो. बरोबर थांबतो. ‘हातच्याची वजाबाकी येत नाही’ अशी जी १७ मुलं तुमच्याकडे आहेत, त्यांतल्या बहुतेकांची अडचण वजाबाकीच्या आधी, एकक-दशकात आहे, असं मी पैजेवर सांगतो.

आणि हा काही तुमच्याच शाळेचा डाग नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली. पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. बाकीची मुलंही पुढच्या वर्गात जातातच आणि तिथलं पुस्तक त्यांना पहिल्या पानापासून परकं होतं. गणिताचं हे वेगळेपण लक्षात घ्या. इतिहासात शिवकाल बुडाला तरी पुढचा धडा समजतो. गणितात दशक बुडालं की भागाकार बुडतो, भागाकाराबरोबर अपूर्णांक, अपूर्णांकाबरोबर आठवीतलं बीजगणित. मग दहावीत आपण म्हणतो, याला गणिताची आवड नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, एकोणऐंशी. हे कान देऊन वाचा, कारण इथं आपली भाषाच गरीब मुलाच्या वाटेत आडवी येते. त्रेसष्ट ऐकलं की आधी तीन कानावर पडतो, मग साठ. लिहायचं मात्र आधी सहा. म्हणून मूल ३६ लिहितं. एकोणऐंशीत तर एक ऐकू येतो आणि ऐंशी ऐकू येतं, मूल बिचारं ८१ लिहून मोकळं होतं. शंभरपर्यंतची आपली जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागते. ज्या घरात आजोबा संध्याकाळी नातवंडांना मांडीवर घेऊन पाढे म्हणवून घेतात, निमकी-पाऊणकी, म्हणजे अर्ध्या-पाऊणचे पाढे, अजून कुणाच्या तरी तोंडी आहेत, तिथलं मूल हे सगळं शाळेत यायच्या आधी ऐकून आलेलं असतं. ज्याचे आईबाप पहाटे पाचला कामावर जातात, त्याच्यासाठी बावन्न आणि बासष्ट हे पहिलीच्या वर्गात प्रथमच भेटलेले पाहुणे असतात. आपण दोघांना एकच आठवडा देतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात जुन्या वाचनाच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जुनी रीत काढलेली नाही, मुलांची भीती कमी व्हावी म्हणून ही जोडीला आहे. ऐकतो कोण! विधानसभेपर्यंत कोट्या झाल्या. कोट्या करणाऱ्यांपैकी कुणीही पहिलीच्या वर्गात एकोणसाठ शिकवून पाहिलेलं नव्हतं. मी तेव्हा अक्कलकोटकडे होतो. तिथं माझ्या वर्गातली अर्धीअधिक मुलं घरी कानडी बोलणारी. कानडीत वीस म्हणजे इप्पत्तु, एक म्हणजे ओंदु, आणि एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु. म्हणजे ‘वीस एक’च! त्या मुलांच्या घरच्या भाषेत दशक आधीच जागेवर बसलेलं होतं आणि मराठी शाळेत येऊन आम्ही ते विस्कटत होतो. मी क्रम बदलला. आधी कानडीत म्हण, मग काड्यांचे गठ्ठे मांड, मग अंक लिही, मराठी नाव सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे पावरी, कोरकू, गोंडी, तेलुगू कुठलीही घरभाषा असो, मुलाला घरच्या भाषेत मोजू द्या आणि त्याचं मोजणं तुम्ही शिका. वीसपर्यंत मोजायला शिकणं हे शिक्षकाला एका दुपारचं काम आहे. शुद्ध मराठीच्या नावाखाली पहिलीतलं मूल गप्प करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

तिसऱ्या प्रश्नाला, दीड भाकरी तिघांत, गंमत होते. ३५४ लिहिणारं मूल ‘अर्धी-अर्धी’ असं फटकन सांगतं. तेच मूल अपूर्णांकाच्या धड्यात छेद आणि अंश यांत गटांगळ्या खातं.

माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता, आई आठवडी बाजारात भाजी विकायची. गुरुवारी हा हमखास गैरहजर. एकदा मीच बाजारात गेलो, मेथीच्या चार जुड्या घेतल्या, पंधराला एक. शंभराची नोट दिली. त्यानं डोळा वर न करता चाळीस परत दिले. शुक्रवारी वर्गात पाटीवर दिलं, १५ गुणिले ४. त्यानं लिहिलं ४२०. चार पंचे वीस, ते लिहिले. चार एके चार, ते डावीकडे लिहिले. मी विचारलं, अरे काल चार जुड्यांचे चारशेवीस का नाही घेतलेस? पोरगा स्वतःच हसत सुटला. मग म्हणाला, ‘गुरुजी, ते बाजारातलं वेगळं, हे गणित आहे.’

या वाक्यावर मी कित्येक वर्षं विचार केलाय. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं त्यात होती. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी अचूक करणारी ही मुलं पाटीवरच्या साध्या गणितात अडत होती. उलट, बाजाराची सवय नसलेल्या शाळकरी मुलांना पाटीवरचं बरं जमत होतं आणि बाजारातला हिशोब जमत नव्हता. म्हणजे ‘व्यवहारातलं गणित घ्या, आपोआप जमेल’ हा आपला आवडता सल्लाही अर्धाच खरा. पूल आपोआप बांधला जात नाही, कुणीतरी बसून बांधावा लागतो.

आपल्याकडे शाळाशाळांत बालबाजार भरतो. वडापाव विकला जातो, सरपंच फीत कापतात, फोटो गटावर जातात. छानच असतो तो दिवस. पण गणित दुसऱ्या दिवशी असतं आणि दुसऱ्या दिवशी आपण पुढचा धडा उघडतो. तसं करू नका. दुसऱ्या दिवशी त्या भाजीवाल्या मुलाला फळ्याजवळ उभं करा आणि त्यानं तोंडी केलेला हिशोब त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: ‘दोन जुड्या तीस, अजून दोन तीस, साठ.’ मग त्याच्याखाली १५ × ४ ची उभी मांडणी करा, दहा चोक चाळीस आणि पाच चोक वीस वेगळे दाखवा आणि विचारा, तुझे तीस कुठे गेले यात? या एका प्रश्नावर माझा तास जायचा आणि त्या तासाला तो मुलगा वर्गाचा मास्तर असायचा. रेघांच्या यादीत त्याच्यापुढे त्या दिवशी नऊ रेघा होत्या.

आता वेळेचं गणित. तुमच्याकडे गणिताला रोज साधारण तासभर आहे असं धरतो. तीन इयत्ता, म्हणजे प्रत्येकी वीस मिनिटं, आणि त्या वीसांत उरलेल्या दोन इयत्ता ‘पान ४२ सोडवा’ म्हणून गप्प बसवलेल्या. कायद्यानं यात काही गैर नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. तो मुलं मोजतो, इयत्ता मोजत नाही. पहिली ते पाचवी दोघांत, बसतं नियमात. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं लिहिलंय. ते वाचून हसायचं असेल तर हसून घ्या. शहरातल्या खासगी शाळेतल्या मुलाचा गणिताचा तास सर्वेक्षणासाठी किंवा कुठली लिंक भरण्यासाठी मोडत नाही, तुमच्या मुलांचा मोडतो. विषमतेचा हा भाग तुम्हाला वर्गात बसून मिटवता येणार नाही. संघटनेच्या सभेत बदल्यांबरोबर यावरही बोला, एवढंच सांगेन.

हातात आहे ते सांगतो. इयत्तांच्या भिंती रोज तासभर पाडा. तिसरी-चौथी-पाचवी असं न बसवता कोण कुठं पोचलंय तसं बसवा: दशक न कळलेली, वजाबाकी जमलेली, भागाकाराशी आलेली. हे काही मी शोधलेलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून त्यांच्या पातळीवर शिकवणाऱ्या बालसखी दिल्या होत्या. त्याची काटेकोर तपासणी झाली आणि मुलं पुढे सरकलेली दिसली. पण यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. दिवाळीपर्यंत मुलांनी पहिल्या गटाचं नाव ‘ढ गट’ ठेवलं होतं आणि ऑगस्टमध्ये तिथं बसलेली मुलं मार्चमध्येही तिथंच होती. गट केला की तो जात होऊन बसतो. म्हणून तीन आठवडे झाले की गट मोडायचाच, निम्मं जमलं असलं तरी. आणि तुम्ही स्वतः बसायचं ते दशक न कळलेल्यांत. पाचवीतल्या हुशार मुलांना त्यांच्यावर मास्तर म्हणून नेमायचं आणि आपण शिष्यवृत्तीवाल्यांत बसायचं, हा उलटा धंदा मी बऱ्याच शाळांत पाहिलाय. सगळ्यात अवघड काम सगळ्यात नवख्याला! डॉक्टर असं करत नाहीत.

मग सहांचं काय? त्यांच्यावर अन्याय होऊ द्यायचा नाही. शिष्यवृत्ती म्हणजे चैन आहे असं मी मुळीच मानत नाही. आठवीतल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं पाहा: साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्यावर मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे गेलेलं मी पाहिलंय. तक्रार परीक्षेवर नाही, जादा तासाच्या दारावर आहे. जूनमध्ये आपण सहा नावं ठरवतो आणि तो तास त्यांचाच होतो. एक वर्ष मी दार उघडं ठेवलं, ज्याला यायचं त्यानं सकाळी यावं. पहिले पंधरा दिवस गोंधळ झाला. मग एक गोष्ट दिसली. बुद्धिमत्तेच्या भागात आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, संख्यांतला क्रम ओळखा असले प्रश्न असतात. त्यांना लांबलचक आकडेमोड लागत नाही. आणि तिथं ज्यांची नावं माझ्या यादीत कधीच आली नसती अशी दोन पोरं सगळ्यांच्या पुढे जाऊ लागली. त्यातली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तिला वजाबाकी येत नव्हती. तिला ती आली, कारण पुढची कोडी सोडवायला ती लागते हे तिला आता स्वतःला कळलं होतं. कच्च्या मुलाला फक्त कच्चंच काम द्यायचं, कोडी आणि मजा पक्क्यांसाठी राखून ठेवायची, या आपल्या सवयीनं किती मुलं मारली असतील, कोण जाणे.

तुमच्या गावातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, जातात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण जात असतील तर हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ते मूल जून ते ऑक्टोबर शाळेत असतं, दर वर्षी. मी ज्या पाचवीच्या पुस्तकातून शिकवलं त्याच्या पहिल्या भागात संख्याज्ञान, चार क्रिया आणि अपूर्णांक. दुसऱ्या भागात विभाज्य-विभाजक, दशांश अपूर्णांक, परिमिती-क्षेत्रफळ आणि बीजगणिताची पूर्वतयारी. आता बघा. ऊसतोड कामगाराच्या मुलाला दुसरा भाग कधीच भेटत नाही. तिसरीत नाही, चौथीत नाही, पाचवीत नाही. भोक दर वर्षी एकाच जागी पडतं. तो मुलगा ‘गणितात कच्चा’ नसतो, त्याला अर्धंच पुस्तक शिकवलेलं असतं, आणि गंमत म्हणजे पहिला अर्धा भाग त्याला वर्गात इतरांइतकाच येतो.

मी तिथं क्रम उलटा केला. दशांश जुलै-ऑगस्टमध्ये घेतले, रुपये-पैसे आणि मीटरपट्टीवर. अपूर्णांकांतल्या मोठ्या उदाहरणांना फाटा दिला. मोठमोठ्या संख्यांचं वाचन-लेखन दिवाळीनंतरवर ढकललं, गावात राहणाऱ्या मुलांना ते तेव्हाही मिळतं. मासिक नियोजनाशी हे जुळेना म्हणून एका तपासणीत मला शेरा बसला. बसू दे म्हटलं. मुलं मागे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह सुरू होत असेल तर त्यासाठी सप्टेंबरपासूनच आईबापांना भेटा. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतल्यावर भेटून उपयोग नसतो, तोवर मोठ्या बहिणीला धाकट्यांसाठी नेण्याचं घरात ठरून गेलेलं असतं. आणि जी जातातच त्यांच्या शिक्षण हमी कार्डाला एक चिठ्ठी टाचा. हे कार्ड दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. पण मूल गणितात कुठवर आलं ते तिकडच्या शिक्षकाला कसं कळणार? चारच ओळी पुरतात: दशक पक्कं आहे, हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू केलाय, कृपया ४०३ – १५७ नं सुरुवात करा. माझ्या अशा एका चिठ्ठीला कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेतल्या एका बाईंनी उत्तर पाठवलं होतं, चिठ्ठीच्याच मागे. नोकरीतल्या मोजक्या आनंदांपैकी एक.

सेमीबद्दल फार लिहीत नाही. पालकांची इच्छा मी समजतो; गावातली इंग्रजी शाळेची पिवळी बस त्यांना रोज दिसते. आणि ‘लघुतम सामाईक विभाज्य’ हे काही मुलाच्या आईच्या तोंडचं मराठी नाही, तेही त्याला परकंच. पण एक अट सोडू नका. शाळेत सेमी आणायचं असेल तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. हुशार मुलांची सेमीची तुकडी आणि उरलेल्यांची मराठी, असं मोठ्या शाळांत होतं. मग चांगला गणित शिक्षक कुठल्या तुकडीला मिळतो ते विचारून पाहा. दोन शिक्षकी शाळेत हा प्रश्न येणार नाही, पण तुमची मुलं सहावीत जिथं जातील तिथं येईल.

आणि कुणी तुम्हाला म्हणालं की या मुलांसाठी गणित सोपं करा, तर सावध राहा. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात असा विचार पुढे आला की दहावीला गणित-विज्ञानात ३५ नाही पण २० च्या वर गुण असतील तर मुलाला अकरावीला जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असावा की पुढे या विषयांची वाट बंद. दया म्हणून हे वाचायला बरं वाटतं. नापासाचा शिक्का पुसतो, वर्ष वाचतं, आणि तिथवर ते मलाही पटतं. पण तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडेल याची यादी मी आजच करून देतो: ओढ्यापलीकडची वस्ती, कोयत्याबरोबर गेलेले, भाऊ सांभाळणाऱ्या मुली. आणि आमच्याकडच्या पोरांचं स्वप्न काय असतं? पोलीस भरती. पहाटे चारला उठून ती डांबरी रस्त्यावर पळत असतात. लेखी परीक्षेत अंकगणित आहे. मैदान मारलेली आणि शेकडेवारीत अडकलेली माझी किमान दहा मुलं मला रस्त्यात भेटतात. त्यांना सोपं गणित देऊन मी त्यांचं काय भलं केलं असतं?

तुमच्या सतरांसाठी आता एवढंच करा. दशकाला आठ ते दहा दिवस द्या, पुस्तक मिटून. काड्यांचे गठ्ठे, दहाचा एक, दहा गठ्ठ्यांचा शंभराचा भारा. ४०३ मांडायला लावा आणि १५७ मागा. मूल सुट्या तीन काड्यांकडे बघेल, मग दशकाच्या रिकाम्या जागेकडे, मग तुमच्याकडे. तेव्हा बोलू नका. हे सगळ्यात कठीण आहे, माझ्या तोंडून अजूनही उत्तर निसटतं. थोड्या वेळानं ते भारा उचलतं, सोडतं, दहा गठ्ठे मांडतं, त्यातला एक पुन्हा सोडतं. दोनशे सेहेचाळीस त्याच्या हातात येतात. पाटीवरचा हातचा त्यानंतर.

काड्या विकत आणू नका. तूर निघाली की तुराट्या कुणीही देईल, बोटभर लांबीचे तुकडे पाचवीची मुलं करतात. बांधायला मात्र रबरच आणा. मी पहिल्या वर्षी सुतळीनं बांधले होते, आणि तिसरीतल्या मुलांना त्या गाठी सुटेनात.